बिनमुदतीचा प्रश्न

सिमानू महिना, दुसरा दिवस

पोचलो एकदाचे! सिप्पर सोडल्यापासून नावेत बसून बसून पाठीचा पार भुगा झाला होता, पण मश्कानच्या घाटावर पाय ठेवला आणि सगळा शीण पळाला. अख्खं गाव जमलं होतं. गावप्रमुख पुझुर पोट सावरत पुढे आला आणि मिठी मारायच्या आधी त्याने मला तोंड उघडायला लावून दात बघितले. मग दोन्ही हातांची बोटं बघितली. म्हणाला, गाढव घेतानासुद्धा मी इतकं बघत नाही हो, पण काळीज वाचणारा अंगाने धड हवा, देवाला व्यंग चालत नाही. लोक हसले, मीही हसलो. माझे दात आहेतच तसे. गुरुजींच्या हाताखाली आम्ही इतके जण शिकलो, पण एवढे सरळ दात एकाचेही नव्हते. लमासानीचं म्हणणं, दातांचं एवढं कौतुक आहे तर तोंड जरा कमी वापरा, झिजतील.

लमासानी म्हणजे माझी बायको. तिला सातवा लागलाय. नावेतून उतरताना चार बाया तिला धरायला धावल्या आणि त्यातली सगळ्यात म्हातारी, आहातुम, गावची सुईण निघाली. तिने सगळ्यांदेखत लमासानीच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, बाळ पाय मारतंय, चांगलं आहे. मग आमचं घर कुठलं ते ऐकलं आणि हात काढून घेतला. म्हातारं माणूस, उन्हात उभं राहून दमली असेल.

घर झकास आहे. भिंतींना ताजा गिलावा, झोपायला गच्ची, अंगणात खजुराचं झाड आणि अंगणाला लागूनच मेंढवाडा. मेंढे माझ्या दाराशी! सिप्परला पहाटे उठून बाजारातून ओढत आणावे लागायचे. माझ्याआधी इथे बेलानुम नावाचा होता म्हणे. तो कुठे असतो म्हणून विचारलं तर पुझुर म्हणाला, गेला. कुठे गेला, तर म्हणाला, बिअर गरम होतेय, चला आधी. मग आम्ही सगळ्यांनी एकाच घड्यात बोरूच्या नळ्या घालून बिअर ओढली आणि मासे खाल्ले. त्यामुळे आज अक्षर जरा वाकडं येतंय.

रोज चार ओळी ओल्या मातीवर टोचायच्या ही गुरुजींनी लावलेली सवय. लमासानीला माझे मातीचे गोळे चुलीपाशी सापडतात आणि ती भडकते. एक दिवस याचीच भाकरी थापून घालीन म्हणते.

सिमानू, सहावा

आज पहिलं काम. प्रश्न पुझुरचा होता. कालव्याचं तोंड आता उपसायला घ्यावं की नाही, एवढाच. मेंढा स्वच्छ, पांढरा, एक डाग नाही. सूर्य वर यायच्या आत हातपाय धुतले, तोंडात देवदाराचा तुकडा धरला, पुझुरच्या वस्त्राची दशी मेंढ्याच्या कपाळाला बांधली आणि कानात प्रश्न सांगितला. कुणासाठी, काय आणि कुठपर्यंत, तिन्ही. शेवटी नेहमीचं, हे शमाशा, सूर्यदेवा, माझं वस्त्र मळलं असेल, जीभ अडखळली असेल, तर मनावर घेऊ नकोस. मग सुरी.

खाणारे त्याला कलेजी म्हणतात, आम्ही काळीज म्हणतो. शमाश आपलं उत्तर त्यावरच लिहून ठेवतो. काळजावरच्या रेघांपैकी ठाण जागेवर होतं, वाट सरळ होती, पित्ताची पिशवी भरलेली. उत्तर उघड होतं, उपसा म्हणून. फक्त बोटाच्या मुळाशी एक बारीक भोक होतं. बोट म्हणजे काळजावर उभा असतो तो उंचवटा. भोक म्हणजे मरण, हे शिकाऊ पोरालासुद्धा ठाऊक असतं. पण ते बाजूला होतं, कालव्याशी त्याचा संबंध नव्हता. खात्रीला दुसरा मेंढा घेतला. उत्तर तेच, उपसा. आणि भोकही तेच, त्याच जागी.

पुझुर खूश झाला. मांस वाटलं, आमच्या वाट्याला मांडी आली, लमासानीने लसूण घालून मस्त शिजवली. एक गोष्ट लिहून ठेवतो. दुसऱ्या मेंढ्याला मी प्रश्न सांगायला वाकलो, तर त्याने आपणहून मान तिरपी करून कान वर केला. कानात ओल होती, कुणीतरी अगदी जवळ तोंड नेऊन बोललं की लागते तशी. बेलानुमने जनावरं चांगली शिकवलेली दिसतात.

सिमानू, अठरावा

कामाला तोटा नाही. मला रस्त्यात लोक काळीजवाले म्हणून हाक मारतात. अहो काळीजवाले, माझी गाय कधी व्यायची? गायीचं गायीला विचार म्हटलं.

पण भोक काही जात नाही. एका बाईचा नवरा तांड्याबरोबर गेलाय, तो येईल का विचारलं, काळीज म्हणतं येईल, आणि बोटाच्या मुळाशी भोक. तेलाच्या घाण्याबद्दल विचारलं, तिथेही भोक. मी त्या बाईला काही बोललो नाही. काल तिचा नवरा परत आला, चांगला धष्टपुष्ट, येताना दुसरी बायको घेऊन आलाय. बाई दारात उभी राहून असा उद्धार करत होती त्याचा की अख्खी गल्ली जेवण सोडून ऐकत होती. म्हणजे मरण त्याचं नव्हतं, जरी आज त्यालाच मरावंसं वाटत असलं तरी.

मग कुणाचं? आणि दर वेळी पहिल्यापेक्षा मोठं का दिसतं? आधी बोरूचं टोक जेमतेम गेलं असतं. आता करंगळी जाईल.

लमासानीला यातलं काही सांगितलेलं नाही. आमचं नावावरून भांडण चालू आहे. आमच्या घराण्यात मूल झालं की बाप पहिल्यांदा त्याच्या कानात नाव सांगतो, मगच दुसऱ्या कुणी हाक मारायची. मला मुलगा हवा आणि उबार हे नाव. ती म्हणते मुलगी होणार आणि नाव नुत्तुप्तुम, म्हणजे थेंब. थेंब काय नाव आहे, म्हटलं. तर म्हणाली, तुमच्या दातांपेक्षा गोड आहे.

दूझू महिना, चौथा दिवस

वाटलं गवतात काही असेल. ओल्या गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या काळजात कीड पडते, ते मी स्वतः बघितलंय. म्हणून वरच्या गावाहून नावेने नवे मेंढे मागवले. एक तिथेच घाटावर उघडला, कुणासाठीही नाही, नुसता बघायला. काळीज आरशासारखं, कुठे ओरखडा नाही. बाकीचे मेंढवाड्यात ठेवले. सकाळी त्यातला एक उघडला.

भोक. अंगठा गेला.

म्हणजे दोष गवतात नाही, मेंढवाड्यात आहे. मेंढपाळाला विचारलं, इथे काय होतं रे? तो म्हणाला, मी आत जात नाही, दारातूनच हाकतो. का, तर म्हणे पायाला जमीन गरम लागते. या दिवसांत सगळ्यांच्याच पायाला जमीन गरम लागते, त्यात काय सांगायचं! पण त्याने वर बघून हे सांगितलं नाही, आणि त्यानंतर तो लगेच निघून गेला.

दूझू, तेरावा

भर दुपारचं सांगतो. ऊन असं की कुत्रीसुद्धा कालव्यात जाऊन बसली होती. मी पाणी ठेवायला मेंढवाड्यात गेलो. सावली अलीकडच्या भिंतीला होती, आणि सगळे मेंढे पलीकडे, रखरखीत उन्हात, भिंतीकडे तोंड करून उभे. एकही हलत नव्हता, एकही ओरडत नव्हता. मग कडेच्या एकाने मान तिरपी करून कान वर केला. जरा वेळ तसाच राहिला, मग मान खाली घातली. मग त्याच्या शेजारच्याने कान वर केला. मग त्याच्या शेजारच्याने.

आधी मला हसूच आलं. मग मी जवळ जाऊन त्यांचे कान चाचपले. ज्यांनी मान खाली घातली होती त्यांचे ओले होते. बाकीचे कोरडे.

मला पळून जायला हवं होतं. पण मी काळीजवाला आहे, बघितल्याशिवाय राहवत नाही. मी एका ओल्या कानाला माझा कान लावला.

आत शब्द होते. अगदी हळू, दम लागल्यासारखे. या घरातलं मूल जगेल का? या घरातलं मूल जगेल का?

लाज वाटते लिहायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की किती कच्चा प्रश्न आहे! नाव नाही, वस्त्राची दशी नाही, मुदत नाही. कालपासून शिकायला बसलेला पोरगासुद्धा मुदत विसरत नाही. मुदत घातली की ती सरते आणि प्रश्न मिटतो. मुदतच नाही तर शमाशाने उत्तर थांबवायचं कधी? तो देतच राहणार, विचारणारा गेला तरी, प्रत्येक काळजावर.

हे सगळं असं शहाण्यासारखं मनात मांडत मी अंगणात आलो. लमासानी खजुराखाली बसून धान्य निवडत होती, पोटावर सूप ठेवून. आणि मग कळलं. या घरात मूल एकच आहे.

दूझू, चौदावा

आहातुमला गाठलं. ती रोज लमासानीच्या पोटाला तेल चोळायला येते, पण कधी मेंढवाड्याच्या बाजूने येत नाही, मोठा वळसा घालून येते. आज मी तो वळसा अडवून उभा राहिलो. आधी म्हणाली, मला ऐकू कमी येतं. मग रडली. मग सांगितलं.

बेलानुमची बायको याच घरात बाळंत व्हायला बसली होती. कळा येत होत्या, मूल येत नव्हतं. आहातुम आत होती. बेलानुम बाहेर मेंढ्याजवळ. म्हातारी म्हणाली, अरे बाबा, तुम्ही लोक कानात सांगता ना हळूच, हा ओरडत होता. तिचं नाव घेईना, काही नाही. या घरातलं मूल जगेल का, या घरातलं मूल जगेल का. मेंढा कापला, भोक. दुसरा कापला, भोक. त्याला ते पटेना. एकामागून एक विचारत गेला, दुपारपर्यंत मेंढवाडा रिकामा झाला. आई गेली आणि मूलही गेलं. मी सांगायला बाहेर आले तर म्हणाला, थांब, आणखी एक विचारतो.

मग तो तिथेच बसून राहिला. खाईना, पिईना. मेंढपाळ नवे मेंढे घेऊन आला की विचारायचा. शेवटी मेंढे मिळेनात तेव्हा भिंतीला तोंड लावून विचारायचा. तसाच मेला. आपल्यात मेलेलं माणूस घराच्या जमिनीखाली ठेवतात, पण नवा माणूस यायचा म्हणून गावाने घर साफ ठेवलं. त्याला पुरलं मेंढवाड्यात. पाणी द्यायला मागे कुणी नाही. कधी कुणी दिलंही नाही.

मी तडक पुझुरकडे गेलो. त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, माती लाजेल. तो पोट धरून बसून राहिला. म्हणाला, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आला असता? काळीजवाल्याशिवाय कालव्यावर नाव सोडत नाहीत, लोक काय खाणार? मला वाटलं, नवा माणूस आला की जुनं आपोआप मिटेल. त्याला खरंच तसं वाटलं होतं. म्हणून तर मला आणखी राग आला.

दूझू, सोळावा

मेंढवाड्यात पीठ टाकलं, थंड पाणी ओतलं, त्याच्या नावाने हाक मारली. बेलानुम, तुझं उत्तर आलंय, ते घे आणि झोप. पाणी जमिनीने गटकन पिऊन टाकलं. मेंढे भिंतीकडेच तोंड करून उभे राहिले. प्रश्न ज्याने विचारला त्यानेच मिटवायचा असतो. तो मिटवणार नाही. त्याला अजून दुसरं उत्तर हवंय.

लमासानीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चटकन उठून भांडी बांधायला लागली. मी घाबरलोय का, असंही विचारलं नाही. फक्त म्हणाली, प्रश्न या घरातल्या मुलाचा आहे ना? मग मूल या घरात नको. एवढं साधं मला का सुचलं नाही! सिप्परला जाणं आता झेपणार नाही, पोट खाली उतरलंय. आहातुमने तिच्या घरी बोलावलंय, गावाच्या त्या टोकाला.

दूझू, सव्विसावा. आहातुमचं घर

इथे छान आहे. एकच खोली, कोंबड्या अंथरुणावर चढतात, म्हातारी घोरते. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. लमासानी भरपूर जेवते, हसते. घाटावर नावेने आलेला एक मेंढा मी बाहेरच्या बाहेर उघडला, कुणासाठीही नाही. स्वच्छ. कान कोरडे. मी तिथेच मटकन खाली बसलो, आणि हमालांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं.

आणखी मेंढे इथे मागच्या अंगणात बांधून ठेवलेत, त्या मेंढवाड्याचा वारासुद्धा लागू न देता. विचारायचं नाही असं ठरवलंय. पण वेळ आली आणि विचारावंच लागलं, तर प्रश्न तयार आहे. लमासानी, इलानुमची मुलगी, तिच्या पोटातलं मूल, आजपासून आबू महिना सरेपर्यंत. तिच्या वस्त्राची दशी कमरेला बांधून ठेवलीय. येता जाता घोकतो. लमासानी म्हणते, मलाच पाठ झालं आता, मीच विचारते मेंढ्याला.

आबू महिना, पाचवा

आबू लागला. या महिन्यात खालची माणसं वर येतात. सगळं गाव आपापल्या मेलेल्यांसाठी दिवे लावतंय, पाणी ओततंय. मीही बेलानुमसाठी ओतलं, लांबूनच. मेंढपाळ सांगत होता की तिकडचे मेंढे आता कान खाली करतच नाहीत. ऐकून वाईट वाटलं, पण आता ते माझं घर नाही.

आबू, नववा

पहाटेपासून कळा. आहातुमने मला बाहेर काढलं. म्हणाली, तुझे दात वाजतायत, मला आवाजाचा त्रास होतो.

आबू, नववा, दुपार

अजून नाही. लमासानीचा आवाज बसला. आधी मला शिव्या देत होती, ते बरं होतं. आता शिव्याही नाहीत. आहातुम मघाशी दारात आली, हात कोपरापर्यंत लाल. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिने बघितलं नाही. विचारलं, काय? तर म्हणाली, सांगता येत नाही रे.

सांगता येत नाही. मग मी काय करायचं? मी काय नुसता बसून

आबू, नववा, नंतर

विचारलं.

मेंढा मागच्या अंगणातला. स्वच्छ. कान कोरडा, मी बोटाने बघितलं. वाकलो. आतून लमासानी किंचाळली आणि मी विचारलं —

दशी माझ्या कमरेलाच आहे. आत्ता बघतोय तर ती इथेच आहे, गाठ सोडलेलीच नाही.

मी काय म्हणालो?

या घरातलं मूल जगेल का.

नाव नाही. मुदत नाही. जीभ अडखळली असेल तर मनावर घेऊ नकोस, असं आपण शेवटी म्हणतोच की. म्हणालो का मी? नाही. तेही नाही म्हणालो.

काळीज उघडलं. बोटाच्या मुळाशी — मूठ जाईल.

आबू, नववा, संध्याकाळ

मुलगी झाली. जिवंत आहे! रडतेय, चांगली कान किटतील अशी रडतेय. लमासानीही जिवंत आहे. आहातुम बाहेर येऊन मला हलवत होती, अरे ऐकतोस का, दोघी धड आहेत, हात धू आणि आत ये.

मी म्हणालो, थांब, आणखी एक विचारतो.

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडून ते आलं. म्हातारी मागे सरकली.

आबू, अकरावा

मेंढे संपत आले. जिवंत आहे हे दिसतंय मला, आंधळा नाही मी. पण जगेल का? उद्या? परवा? मुदत घातलीच नाही. प्रश्न सरत नाही. मिटव म्हणतात सगळे, पुझुर येऊन म्हणाला, लमासानी दाराआडून रडून म्हणाली, अहो, तुम्हीच विचारलंय, तुम्हीच मिटवा. मिटवीन. एकदा फक्त भोक नसलेलं काळीज दिसू दे. ते भोक ठेवून मी कसा मिटवू? माझी मुलगी आहे ती.

शेवटच्या मेंढ्याने मी वाकायच्या आधीच कान वर केला. ओला होता. मी कान लावला. बेलानुमचा आवाज ऐकायची तयारी केली होती.

आवाज माझा होता.

आबू, बारावा

मेंढे नाहीत. पुझुरने घाटावर सांगून ठेवलंय, मला कुणी जनावर देत नाही.

लमासानी म्हणाली, तुम्ही अजून तिला नाव नाही सांगितलं. म्हणून असं होतंय. जवळ घ्या, नाव सांगा, मग सगळं ठीक होईल. तिने स्वतः आणून दिली. थकलीय फार, भिंतीला टेकल्या टेकल्या डोळा लागला. म्हातारी पाण्याला गेलीय.

माझ्या शेजारी लोकरीवर ठेवलीय. केवढीशी आहे. झोपलीय. लमासानीसारखी नाकपुडी. मला इतका आनंद झालाय की माती नीट टोचता येत नाही.

नाव सांगायला वाकलो. नाव आठवेना. थेंब, थेंबासारखं काहीतरी, लमासानीने दहादा सांगितलंय, गोड होतं. जिभेवर तेवढंच येत नाही. दुसरं सगळं येतंय. तेच येतंय.

तोंड घट्ट मिटून बसलोय. दात दातांवर दाबून.

तिने मान वळवली. झोपेतच. कान वर

ओला आहे. मी अजून काही बोललो नाही, शमाशाची शपथ, मी तोंड उघडलं नाही, आणि कान ओला

हात धू म्हणाली होती म्हातारी. धुतलेत मी. सुरीपण धुतली. धुऊन इथेच ठेवली, लमासानी, ऊठ, लमासानी ऊठ गं, मी हाक मारतोय पण तोंडातून तुझं नाव येत नाही, तोंडातून नुसतं या घरातलं